मातीच्या पत्रिकेत नसलेला रकाना

हुमणी अळीने ऊस वाळू लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी सरीत क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी करतो. उभे पीक डोळ्यांदेखत जात असताना त्याने दुसरे काय करावे? हुमणी आटोक्यात येते. औषधाचा अंश मात्र मातीत राहतो. राहुरी, नेवासे, श्रीरामपूरच्या काळ्या रानांत तो आज किती आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. २०१५ पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टी सांगते. कीटकनाशकाचा रकानाच तिच्यात नाही.

हे विष मोडणारे जिवाणू मातीतच असतात. बीएचसी हे कीटकनाशक पचवणारा एक जिवाणू कटकच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये वेगळा केला, तो उसाच्याच मुळांजवळच्या मातीतून. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने बॅसिलस सबटिलिसचे चार वाण शोधले. द्राक्षमण्यांवर आणि बागेच्या मातीतही त्यांनी प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक लवकर मोडले. हे संशोधन युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या राज्यात झाले, हा योगायोग नव्हे. परदेशी गिऱ्हाइकाने अवशेषांची अट घातली, म्हणून तिथे तपासणी आली. आपल्या मातीसाठी अट घालणारे कोणीच नाही.

म्हणून उद्या कोणी अशा जिवाणूंची ‘विषमुक्ती’ची बाटली विकायला आले, तर सावध राहायला हवे. क्लोरपायरीफॉस तुटताना टीसीपी हे संयुग तयार होते आणि तेच जिवाणूंना घातक ठरते. पहिला घास सोपा, दुसरा अवघड. त्यात चिकणमाती औषधाचे कण धरून ठेवते, जिवाणूंना ते सहज मिळत नाहीत. प्रयोगशाळेतला वाण रानात टिकण्यासाठी ओल, हवा आणि कर्ब लागतो. आपण तर पाचट पेटवून तोच कर्ब जाळतो. पाचट सरीत कुजवणे आणि हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी वापरणे, हे काम आजच करता येते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अवशेष तपासणारी प्रयोगशाळा आहे, साखर कारखान्यांकडे ऊस उत्पादकांच्या नोंदी आहेत. दोघांनी मिळून येत्या आडसाली लागणीआधी गावनिहाय नमुने घ्यावेत. त्याचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नये. कारखाने आणि राज्य सरकारने तो वाटून घ्यावा. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. कोणत्या रानात कोणता जिवाणू उपयोगी पडेल, हे त्यानंतरच ठरवता येईल.