टेस्टर कोणाच्या हातात?

बचत गटांच्या बैठकीत हल्ली पापड-लोणच्यांच्या जोडीला एलईडी बल्ब, सौरदिवे अशा वस्तूंची प्रशिक्षणं येऊ लागली आहेत. चांगलंच आहे. ‘बायकांची बोटं बारीक कामाला सरावलेली असतात’ हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणात हमखास असतं. मग टेबलं मांडली जातात, तयार बोर्ड समोर येतो आणि ‘इथे हा, तिथे तो’ असं सांगून सोल्डरिंग शिकवलं जातं. दिवा पेटतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो.

आणि दिवा पेटला नाही तर? तो कोपऱ्यातल्या टेबलावर जातो. तिथे एक दादा मीटर घेऊन बसलेला असतो. दोन टोकं लावून बघतो आणि सांगतो, “हा बाद.” का बाद, चूक जोडणीत होती की मुळात मालच खराब होता, हे जोडणारणीला कळत नाही. नगावर मजुरी असली की त्या नगाचे पैसे मात्र तिचेच जातात.

मला ही वाटणीच खटकते. जोडणी बायकांकडे आणि तपासणी दुसऱ्याकडे. ज्याच्या हातात टेस्टर, त्याचा शब्द शेवटचा! म्हणून माझं मत असं की, प्रत्येक गटाने तपासायचं निदान एक यंत्र स्वतः आखून, स्वतः बनवावं.

ही वाटणी काही आजची नाही. सर्किट बोर्ड म्हणजे वीज न वाहणारी एक पाटी आणि तिच्यावर तारांऐवजी तांब्याच्या रेषा. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर नावाच्या इंजिनिअरने १९३६ मध्ये लंडनला अशा पाटीवर रेडिओ तयार करून दाखवला. त्याआधी रेडिओच्या आतल्या तारा एकेक करून हाताने जोडत आणि कारखान्यांत हे काम मुली करीत. आइस्लर आपली कल्पना घेऊन एका कंपनीकडे गेला तेव्हा, ‘मुली स्वस्त पडतात’ अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं, अशी आठवण सांगितली जाते. पुढे पाटी जगभर पोचली, पण बायकांच्या वाट्याला जोडणीच राहिली. पाटी आखणारे वेगळे, तपासणारे वेगळे.

आमच्या गटातल्या सात जणींनी गेल्या वर्षी हे उलटं करून बघायचं ठरवलं. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक सर शिकवायला तयार झाले. यंत्र अगदी साधं निवडलं. तार, फ्यूज, इस्त्रीची कॉर्ड सलग आहे की आतून तुटली आहे, हे सांगणारं. त्यात लागतं काय? ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर, एक लाल एलईडी आणि दोन लांब वायरी. वायरींची टोकं तपासायच्या वस्तूला लावायची. मधली वाट सलग असली की दिवा लागतो. टोकं सुटी असली की वीज वाहतच नाही, त्यामुळे बटणसुद्धा लागत नाही. ४७० हा आकडा कुठून आला? ९ व्होल्टमधले साधारण २ लाल दिवा घेतो, उरलेल्या ७ ला ४७० ने भागलं की सुमारे १५ मिलिअँपिअर येतात. तेवढी वीज दिव्याला पुरते आणि तो जळत नाही. मी कला शाखेची, पण एवढा भागाकार किराणा दुकानाच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

“अहो ताई, चार वस्तू तर आहेत. वायरनेच जोडून टाका की, बोर्ड कशाला?” असं घरोघरी ऐकावं लागलं. एकच करायचा तर बोर्ड नकोच. पण वीस करायचे असतील तर? शिवणकाम करणारीला हे लगेच कळलं. ब्लाउजचं पेपर कटिंग एकदा नीट बसलं की वीस ब्लाउज एकसारखे निघतात. बोर्डाचंही तसंच.

आखणी आलेखाच्या कागदावर केली. इलेक्ट्रॉनिक्सच्या बऱ्याच भागांचे पाय २.५४ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागाच्या हिशेबात बसतात. तेवढ्या अंतरावर ठिपके द्यायचे आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखं रेषा जोडत जायचं. एक अट मात्र कडक. दोन वेगळ्या रेषा एकमेकींना ओलांडता कामा नयेत. वळसा घालायचा, आणि नाहीच जमलं तर वरून तारेचा छोटा पूल द्यायचा. वस्तू पाटीच्या वरच्या बाजूला आणि तांबं खालच्या, म्हणून तांब्यावर पेनने काढताना नकाशा उलटा काढावा लागतो. भरतकामाची मागची बाजू डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समजेल. आमच्या या चार वस्तूंत उलटसुलट झालं तरी निभावतं, आठ पायांची आयसी असली की निभावत नाही.

खरी गंमत पुढे झाली. बोर्ड केवढा हवा? एकीने प्लॅस्टिकची साबणाची डबी आणली. बॅटरी त्यात ठेवली, उरलेल्या जागेत बोर्ड ५ सेंटिमीटर बाय साडेतीन. दुसरी म्हणाली, वायरी रोज ओढल्या जाणार, सोल्डर तुटणार. मग बोर्डाच्या कडेला मोठं भोक ठेवलं आणि वायर आधी त्यातून ओवून मग सोल्डर केली. ओढ भोकावर पडते, जोडावर नाही. ही अक्कल कोणत्या पुस्तकातून आली नाही. रोजच्या वापरातून आली. जी वापरणार तिनेच आखलं की असा फरक पडतो.

आता या टेस्टरने काय होतं? इस्त्रीचंच घ्या. प्लग काढायचा, इस्त्री थंड होऊ द्यायची, तिचं बटण फिरवून चालू ठेवायचं आणि प्लगच्या दोन सारख्या पिनांना टोकं लावायची. दिवा लागला तर कॉर्डपासून कॉइलपर्यंत वाट सलग. कॉर्ड हलवताना दिवा फडफडला तर तार आतून तुटत चालली आहे. तिसऱ्या, मोठ्या पिनेपासून धातूच्या बुडापर्यंत दिवा लागलाच पाहिजे, ती आपली अर्थिंग. आणि सारख्या पिनांपैकी कुठल्याही एकीपासून बुडापर्यंत दिवा लागला, तर ती इस्त्री वापरायची नाही. थोडीशी गळती मात्र हे यंत्र पकडत नाही. हाताला झिणझिण्या आल्या तर दिवा काहीही सांगो, वायरमनला बोलवा. चालू विजेवर तर हे यंत्र कधीही लावायचं नाही. आणि दर वेळी आधी दोन्ही टोकं एकमेकींना टेकवून बघायची. दिवा लागला तरच टेस्टर स्वतः ठीक आहे.

काळजी घ्यायलाच हवी. नको असलेलं तांबं काढायला फेरिक क्लोराइडचं पाणी वापरतात. त्याचे डाग निघत नाहीत आणि ते धातूची भांडी खातं. प्लॅस्टिकचा ट्रे, हातमोजे, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय खायचं नाही, गरोदर बाई आणि लहान मुलं लांब. म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको, आयटीआयच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत हवं. कॉम्प्युटरवर ‘कीकॅड’ नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये नकाशा काढून बोर्ड बाहेरून करूनही घेता येतो. मुलींना तेही शिकवावं.

“काही शे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, मग हा खटाटोप कशाला?” असंही कोणी म्हणेल. मल्टीमीटर जरूर घ्या. पण स्वतः टेस्टर आखलेली बाई ‘हा बाद’ एवढ्यावर गप्प बसत नाही. ती विचारते, कुठे तुटलंय, दाखवा! राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारशी अक्षरओळख नसलेल्या बाया सौरदिव्यांची सर्किटं शिकतात आणि गावी जाऊन दुरुस्त्या करतात. मग दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलींना जोडणीवरच का थांबवायचं?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या प्रशिक्षणाचं पत्रक तुमच्या गटाकडे येईल तेव्हा सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. बोर्डाचा नकाशा वाचायला शिकवणार का? आणि तयार माल तपासायला आमच्यातली कोण बसणार? उत्तर ‘ते आम्ही बघू’ असं आलं, तर मजुरीचा दर ठरवताना तो कमी का, हेही तिथेच विचारून घ्या.