पिंजरा नको, कायदा हवा

देशात कोठेही मोठा घोटाळा उघडकीस आला किंवा एखाद्या खुनाचे गूढ उकलेनासे झाले, की पहिली मागणी होते ती ‘सीबीआय’मार्फत चौकशीची. आणि त्याच सीबीआयचे पथक स्वतःच्या दारात उभे राहिले, की तीच मंडळी ‘सूडाचे राजकारण’ म्हणून टाहो फोडतात. या दुटप्पीपणाला कोणताही पक्ष सर्वस्वी अपवाद नाही. परंतु ज्या यंत्रणेवर एवढा विश्वास आणि एवढा अविश्वास एकाच वेळी व्यक्त होतो, ती यंत्रणा कोणत्या नियमांनी चालते, ते नियम कोण करतो आणि कोण मोडतो, याचा विचार मात्र अभावानेच होतो.

केंद्रीय अन्वेषण विभागाला स्वतःचा कायदा नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, युद्धसामग्रीच्या खरेदीतील लाचखोरी शोधण्यासाठी ब्रिटिश सरकारने एक विशेष पोलीस दल उभारले. त्याला १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचा आधार मिळाला. पुढे १ एप्रिल १९६३ रोजी गृहमंत्रालयाने एक ठराव काढला आणि सीबीआय अस्तित्वात आली. देशातील सर्वांत महत्त्वाची तपासयंत्रणा आजही त्या ठरावावर आणि परकीय राजवटीतील त्या तुटपुंज्या कायद्यावर उभी आहे. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने हा ठरावच घटनाबाह्य ठरविला, तेव्हा दिल्लीत एकच धावपळ उडाली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली आणि सारे निर्धास्त झाले. घराचा पाया डळमळीत आहे असे सांगणाऱ्याचे तोंड बंद झाले. पाया मात्र होता तसाच राहिला.

नियमपुस्तिकेचे बळ किती?

कायदा नाही, मग कारभार चालतो कशावर? तो चालतो मुख्यतः अंतर्गत नियमपुस्तिकेवर. मिळालेल्या माहितीची पडताळणी कशी करावी, प्राथमिक चौकशी आणि रीतसर गुन्हा यांत भेद काय, छापा कसा घालावा, जप्ती व अटक कशी करावी, तपास किती काळात संपवावा, याचे तपशीलवार मार्गदर्शन तीत आहे. २००५ ची पुस्तिका पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, सुधारण्यात आली. पुस्तिका चांगली आहे, अनुभवी अधिकाऱ्यांच्या शहाणपणातून ती घडली आहे, यात शंका नाही.

या पुस्तिकेचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले होते. हवाला प्रकरणातून उद्भवलेल्या विनीत नारायण खटल्यात १८ डिसेंबर १९९७ रोजी निकाल देताना न्यायालयाने बजावले, की छापे, जप्ती आणि अटक यांबाबत सीबीआयने पुस्तिकेतील तरतुदी काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत. त्यांचा भंग करणाऱ्यावर कठोर शिस्तभंगाची कारवाई झाली पाहिजे. पण पुस्तिका म्हणजे कायदा नव्हे. प्राथमिक चौकशी केली नाही म्हणून एका महसूल अधिकाऱ्यावरील व तिच्या मंत्री पतीवरील बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो निर्णय फिरविला. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर अशी चौकशी बंधनकारक नाही, आणि आरोपीला ती हक्क म्हणून मागता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निर्णय योग्यच होता. मात्र त्यातून एक गोष्ट अधोरेखित होते. चौकशी कोणाची करायची आणि कोणाची सरळ गुन्हा नोंदवून करायची, याचा विवेक बव्हंशी अधिकाऱ्यांच्या हाती आहे. त्या अधिकाऱ्यांची मान कोणाच्या हाती आहे, हाच खरा प्रश्न आहे.

एका आदेशाची कहाणी

अंतर्गत आदेशाचा दुरुपयोग कसा होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सिंगल डायरेक्टिव्ह’ हे आहे. सहसचिव आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांची चौकशी सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय सुरूच करता येणार नाही, असे सांगणारा हा प्रशासकीय आदेश १९६९ मध्ये प्रथम निघाला. संसदेने तो कधी संमत केला नव्हता. कारकुनाला पकडायला कोणाची परवानगी नको, पण सचिवाच्या खोलीचे दार उघडायचे तर त्याच्याच वरिष्ठांची संमती हवी! १९९७ च्या निकालाने हा आदेश रद्द झाला. २००३ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाच्या कायद्याबरोबर तो ‘६ अ’ या कलमाच्या रूपाने परत आला. तेव्हा केंद्रात वाजपेयी सरकार होते, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने तेही कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ‘१७ अ’ हे कलम आले. त्यात दर्जाचा भेद नाही, पण शासकीय निर्णयांच्या चौकशीला पूर्वसंमतीची अट आहे. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले.

प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवे, यात दुमत नाही. निर्णय चुकणे वेगळे आणि निर्णय विकणे वेगळे. हा भेद राहिला नाही, तर सचिवालयात कोणी फायलीवर सही करणार नाही. पण संमती देणारा जर त्याच साखळीतील असेल, तर संरक्षण प्रामाणिकाला मिळते की चतुराला?

दोन्ही बाजूंनी घात

अशा दुबळ्या व्यवस्थेत अन्याय दोन प्रकारांनी होतो. कधी दोषी सुटतो. बोफोर्स प्रकरणातील क्वात्रोचीची लंडनमधील गोठविलेली खाती जानेवारी २००६ मध्ये मोकळी झाली, ती भारत सरकारचा विधी अधिकारी ब्रिटनला जाऊन आल्यानंतर. वर्षानुवर्षे तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कष्टांचे मोल ते काय राहिले?

कधी निर्दोष माणूस भरडला जातो. हवाला प्रकरणात केवळ डायरीतील आद्याक्षरांच्या आधारावर लालकृष्ण अडवाणी यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. त्यांनी १९९६ मध्ये लोकसभेच्या सदस्यत्वाचा त्याग केला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा नोंदींचा पुरावा अपुरा ठरविला. एवढे नैतिक धैर्य प्रत्येकाजवळ असतेच असे नाही आणि प्रत्येकाला न्याय इतक्या लवकर मिळतोच असेही नाही.

२०१३ मध्ये कोळसा घोटाळ्याच्या तपासाचा अहवाल न्यायालयात जाण्यापूर्वीच कायदामंत्र्यांच्या नजरेखालून गेल्याचे व त्यात बदल झाल्याचे उघड झाले. मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले आणि न्यायालयाच्या ‘पिंजऱ्यातील पोपट’ या शेऱ्याने सीबीआयची देशभर शोभा झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तर संचालक आणि विशेष संचालक यांनीच परस्परांवर लाचखोरीचे आरोप केले व दोघांनाही मध्यरात्री रजेवर पाठविण्याची वेळ आली. सरकारे वेगळी, प्रसंग वेगळे. पण रोग एकच.

राज्यांचा अनुभव काय आहे? १९४६ च्या कायद्यानुसार राज्याच्या संमतीशिवाय सीबीआयला तेथे तपास करता येत नाही. महाराष्ट्रात आघाडी सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती पुन्हा दिली. दोन वर्षांत गुन्हेगार बदलले नव्हते, कायदा बदलला नव्हता. बदलले होते ते केवळ मंत्रालयातील आसन. पश्चिम बंगालने २०१८ मध्ये संमती काढली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सीबीआय आपल्या नियंत्रणात नाही, असा युक्तिवाद केंद्राने केला. तेव्हा जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने या कायद्याने दिलेल्या केंद्राच्या देखरेखीच्या अधिकारावरच बोट ठेवले.

अमेरिकेचा धडा

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेच्या एफबीआयवर जे. एडगर हूव्हर यांनी १९२४ ते १९७२ एवढा प्रदीर्घ काळ राज्य केले. राजकीय विरोधकांवर पाळत ठेवल्याचे उघड झाल्यानंतर संचालकाची मुदत १९७६ मध्ये कायद्याने दहा वर्षांवर मर्यादित केली गेली. ती मर्यादा कायद्यात असल्याने २०११ मध्ये ती वाढवायची झाली, तर संसदेकडेच जावे लागले. पण तपास कधी सुरू करावा, याचे नियम त्याच १९७६ साली ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी केवळ मार्गदर्शक सूचना म्हणून घालून दिले. त्या १९८३, २००२ आणि २००८ मध्ये त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी बदलल्या. दहशतवादाच्या भयाने त्या अधिकाधिक सैल होत गेल्या. कायद्यात लिहिलेले सहजासहजी बदलत नाही, परिपत्रकातील मात्र बदलते, असा याचा अर्थ आहे.

इच्छाशक्तीचा प्रश्न

स्वतंत्र कायद्याची शिफारस एल. पी. सिंह समितीने १९७८ मध्येच केली होती. नंतरच्या चार दशकांत सर्व रंगांची सरकारे आली आणि गेली. कायदा करायला वेळ लागतो, हे कारण टिकणारे नाही. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला आणि महिनाभरात संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संमत केला. इच्छा असली की मार्ग निघतो.

या कायद्यात काय असावे? यंत्रणेचे अधिकारक्षेत्र आणि राज्यांशी असलेले नाते स्पष्ट असावे. पूर्वसंमतीचा निर्णय सरकारबाहेरील स्वतंत्र प्राधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत द्यावा. संचालकाची मुदत एकदाच निश्चित व्हावी. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ती वर्षावर्षाने पाच वर्षांपर्यंत वाढविता येते, त्यामुळे दरवर्षी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येते. नियमपुस्तिकेतील छापा, जप्ती आणि अटक यांबाबतच्या तरतुदींना वैधानिक दर्जा मिळावा, आणि यंत्रणेचे वार्षिक उत्तरदायित्व संसदेपुढे असावे.

रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांच्या वधाबद्दल सत्ताधारी राघोबादादांनाच दोषी ठरविले, म्हणून महाराष्ट्र त्यांच्यापुढे आजही नतमस्तक होतो. पण रामशास्त्र्यांनाही निवाडा सुनावून पद सोडावे लागले. दोषी सत्तेवरच राहिला. व्यक्तीचे तेज व्यवस्थेत उतरले नाही, तर ते इतिहासापुरते उरते. आज जे सत्तेत आहेत ते उद्या विरोधात असतील, हा लोकशाहीचा नियम आहे. बळ हाती असताना स्वतःलाच बंधन घालून घेणे हीच राजधर्माची कसोटी आहे. ज्या पक्षाने हवाला प्रकरणात अन्यायाचे चटके सोसले, त्या पक्षाच्या सरकारने ही कसोटी पार करावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.