एका चित्राला ६७ कोटी: नागपुरात जन्मलेले गायतोंडे आणि जपानी झेन यांचा नेमका संबंध काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टचा लिलाव झाला. वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका तैलचित्राला तिथे ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले. गायतोंडेंच्या चित्राला तोवर मिळालेली ही सर्वात मोठी किंमत. चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. त्याला नावही नाही. बातमी फिरली तशी कमेंट्समध्ये एकच विचारणा सुरू झाली: यात आहे तरी काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या रिसोडसारख्या गावात चित्रकला म्हणजे एलिमेंट्री आणि इंटरमीजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ग्रेड मिळाली तर दहावीला वाढीव गुण. तांब्या तांब्यासारखा दिसला पाहिजे, सावली योग्य बाजूला पडली पाहिजे. ज्यांनी चित्रकला अशी शिकली, त्यांना हे चित्र कोरंच वाटणार. गंमत म्हणजे गायतोंडे स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणायचे नाहीत. त्यांचा शब्द होता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’. म्हणजे ज्यात वस्तूच नाही असं चित्र.

गायतोंडे कोण होते?

जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. कुटुंब मूळचं गोव्याचं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा. पुढे हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते जोडले गेले, पण गटात रमणारा हा माणूस नव्हता. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं होती, ठसठशीत रेषा होत्या. पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव होता. पन्नाशीचं दशक सरता सरता माणसं गेली, रेषा विरघळल्या, उरला रंग आणि प्रकाश.

याच काळात जपान त्यांच्या आयुष्यात आला. १९५७ साली टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. पण बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट होती झेन. झेन बौद्ध विचारांचं वाचन त्यांनी सुरू केलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

झेन आणि चित्राचा काय संबंध?

‘झेन’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृत ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झालं आणि जपानमध्ये ‘झेन’. भारतातून निघालेला विचार हजारभर वर्षांचा फेरा मारून जपानी रूपात मुंबईतल्या एका चित्रकाराकडे परत आला, असंही म्हणता येईल.

जपानमध्ये झेनचा शाईच्या चित्रांवर मोठा परिणाम झाला. ‘सुमी-ए’ नावाची ही पद्धत. काळी शाई, ब्रश आणि कागद. कागद शाई लगेच शोषून घेतो, त्यामुळे खोडरबर नाही, दुरुस्ती नाही. आधी मन स्थिर करायचं, मग हात चालवायचा. आणि कागदाचा जो भाग रिकामा राहतो, तोही चित्राचाच भाग मानायचा.

आता गायतोंडेंची पद्धत बघा. ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरत. रंगाचा थर द्यायचा, त्यावर कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर. हे हातातलं काम. त्याआधीचा वेळ जायचा नुसतं बसण्यात. वर्षाला पाच-सहा चित्रं, एवढाच त्यांचा वेग. त्यांच्या कॅनव्हासवर अधूनमधून लिपीसारखे आकार तरंगताना दिसतात. जवळ जाऊन वाचायला जावं तर अक्षर एकही नाही. जपानी-चिनी सुलेखनाची आठवण होते ती इथे.

एक मात्र नीट सांगायला हवं. सगळं श्रेय जपानला देणं मला पटत नाही. गायतोंडे जे. कृष्णमूर्ती आणि रमण महर्षी वाचत होते, खेतवाडीत मराठीतून निरूपण करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडेही जात होते. झेन त्यांना पटलं, कारण त्याच्या जवळचं काहीतरी त्यांना इथेही सापडत होतं.

तुलनेसाठी वार्वारा बुब्नोवा या रशियन चित्रकार बघा. सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या बुब्नोवा १९२२ मध्ये जपानला गेल्या आणि तब्बल ३६ वर्षं राहिल्या. वासेदा विद्यापीठात रशियन साहित्य शिकवलं, शिळाछापाची चित्रं केली. त्यांची बहीण आना ही गायिका योको ओनोची काकू! बुब्नोवांवर जपानी शाईचा संस्कार तिथे राहून झाला. गायतोंडेंवर तो झाला मुख्यतः पुस्तकांतून.

गायतोंडेंना अमेरिकेचं दार उघडून दिलं तेही झेनने भारावलेल्या एका चित्रकारानेच. मॉरिस ग्रेव्ह्ज हे अमेरिकी चित्रकार १९६३ मध्ये भारतात आले, गायतोंडेंचं काम बघून थक्क झाले आणि त्यांनी न्यूयॉर्कच्या गॅलरीला तसं कळवलं. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फंडाच्या फेलोशिपवर गायतोंडे न्यूयॉर्कमध्ये होते.

मग ६७ कोटी कशाचे?

बाजाराचं गणित साधं आहे. मागणी वाढली आणि माल थोडा. १९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये दिल्लीला मुक्काम, निजामुद्दीनमधली एक छोटी खोली. १९८४ मधल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास जवळपास थांबले, कागदावर शाईची छोटी चित्रं चालू राहिली. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या आदल्या वर्षीच ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या लिलावात एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले होते. १२ वर्षांत विक्रमी आकडा जवळपास तिप्पट.

म्हणजे ज्या थांबण्यामुळे चित्रं कमी झाली, त्याच थांबण्याची आज किंमत लागते आहे. हातात कुंचला न धरता बसून राहिलेले महिनेही या ६७ कोटींत मोजले गेलेत. हे गायतोंडेंना आवडलं असतं असं मला वाटत नाही.

ही चित्रं परदेशात जाऊ शकतात का?

हो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर विकता येत नाहीत. त्यात राजा रविवर्मा आहेत, अमृता शेरगिल आहेत आणि कुलूजवळ नग्गरमध्ये राहिलेले निकोलस रोरिक हे रशियन चित्रकारही आहेत. गायतोंडे त्या यादीत नाहीत. विकत घेणारा लंडनचा असेल तर चित्र लंडनला जाईल.

यादी वाढवावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. बंदी आली की जागतिक खरेदीदार जातात आणि भाव पडतात, हा व्यापाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. पण चित्र भारतात राहिलं तरी ते एखाद्याच्या बंगल्यात बंद असेल, तर रिसोडच्या इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलीला काय फरक पडतो? तिच्यासाठी महत्त्वाची आहेत ती सार्वजनिक संग्रहातली चित्रं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ती आहेत. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह ठेवला आहे, त्यातही गायतोंडे आहेत. मात्र तिथली मांडणी बदलत असते, म्हणून जाण्याआधी चौकशी करून घ्या. आणि समोर उभे राहाल तेव्हा लगेच मोबाइल काढू नका. रंगाच्या थरांखालून येणारा उजेड फोटोत दिसत नाही. तो दिसायला डोळ्यांनाही पाच-दहा मिनिटं लागतात.