खिडकीतून नको, दारातून या

'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' हा सिनेमा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो. विमानातून कोकची बाटली पडते, कालाहारीतल्या भोळ्या माणसांना ती देवाची देणगी वाटते आणि मग सगळी गंमत सुरू होते. सिनेमा १९८० सालचा. त्याच वर्षी जॉन मार्शल या अमेरिकन दिग्दर्शकाने नाय नावाच्या एका सान बाईवर माहितीपट केला. तो पाहिला की आधीचं हसू घशात अडकतं. माणसं तीच, पण इथे ती आजच्या नामिबियातल्या चुमक्वे या सरकारी वस्तीत राहतात. रेशनचं पीठ, क्षयरोग, दारू, आपसातली भांडणं आणि तरुणांना भरती करून घेणारं दक्षिण आफ्रिकेचं सैन्य. कडी म्हणजे, त्या गमतीदार सिनेमाचं शूटिंग चालू असलेलंही या माहितीपटात दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सान लोकांचं चित्र काढणाऱ्या बहुतेकांनी त्यात आपल्याच प्रश्नाचं उत्तर शोधलं, आणि त्या चित्राची किंमत मोजली ती सान लोकांनी.

सुरुवात नावापासूनच करू. डच वसाहतवाल्यांनी त्यांना 'बुशमन' म्हटलं, म्हणजे झाडाझुडपातली माणसं. 'सान' हे नावही शेजारच्या पशुपालक खोईखोई लोकांनी दिलेलं, आणि त्यातही 'गुरंढोरं नसलेले' असा हिणवणारा सूर होता. ते स्वतःला जुह्वान्सी, ग्वी, नारो अशा आपापल्या नावांनी ओळखतात. या नावांतले टिचकीसारखे आवाज देवनागरीतच काय, रोमन लिपीतही धड बसत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात केप प्रांतातले गोरे शेतकरी टोळ्या करून सान लोकांना मारत होते, आणि युरोपातले विद्वान त्यांना मानवजातीच्या शिडीची सर्वात खालची पायरी ठरवत होते. कवट्या मोजायच्या आणि माणसाची किंमत ठरवायची, हे तेव्हाचं शास्त्र. त्याच परंपरेतला जर्मन शास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. आजच्या नामिबियात १९०८ साली रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेऊन त्याने नाव कमावलं. पुढे त्याचे विचार नाझींच्या वंशशास्त्राला उपयोगी पडले. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको, कारण 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये याच फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट केली. विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधला असमानपणा. वंशानुसार यात फरक दिसेल ही गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंना तसा फरक मिळाला नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. गुरूसमोर हे लिहायला धाडस लागतं.

त्याच काळोख्या शतकात केपटाऊनमध्ये वेगळंही काही घडत होतं. विल्हेल्म ब्लीक आणि ल्युसी लॉईड यांनी १८७० च्या दशकात काही सान कैद्यांना तुरुंगातून आपल्या घरी आणलं, त्यांची भाषा शिकून घेतली आणि हजारो पानं भरून गोष्टी उतरवल्या. त्यांतला काब्बो हा म्हातारा शिक्षा संपल्यावरही काही काळ थांबला. आपल्या लोकांच्या गोष्टी पुस्तकातून जगाला कळाव्यात, ही त्याची इच्छा होती. आज ती भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही, पण २००० साली दक्षिण आफ्रिकेने आपलं राष्ट्रीय बोधवाक्य त्याच भाषेतून घेतलं. म्हणून 'बाहेरच्यांनी लिहूच नये' असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र एकदम उलटलं. एलिझाबेथ मार्शल थॉमस यांचं 'द हार्मलेस पीपल' १९५९ साली आलं आणि रानटी ठरवलेली माणसं निरुपद्रवी झाली. युद्धाने होरपळलेल्या जगाला शांत माणूस हवा होता, तो कालाहारीत सापडला. पुढे रिचर्ड ली यांनी डोबे भागात हिशोब मांडला, की हे लोक अन्न मिळवायला आठवड्याला १२ ते १९ तासच घालवतात, आणि त्यांच्या आहाराचा मोठा भाग बायकांनी गोळा केलेल्या कंदमुळांचा आणि मोंगोंगोच्या बियांचा असतो. दुसरा मुद्दा फार मोलाचा होता. पण जगाने उचलला तो पहिला. स्वयंपाक, हत्यारं बनवणं हे सगळं धरलं तर काम चाळीस तासांच्या वर जातं, हे लीनेच नंतर मांडलं. पण तोवर 'आदिम सुखी समाज' ही कल्पना जगभर पोचली होती.

लीचाच एक किस्सा मला जास्त आवडतो. नाताळला त्याने जुह्वान्सी लोकांसाठी चांगला धष्टपुष्ट बैल विकत घेतला. जो तो येऊन म्हणे, 'हा कसला बैल, नुसती हाडं!' बिचारा हिरमुसला. शेवटी उलगडा झाला: मोठी शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून तिला नावं ठेवायची, ही तिथली रीत. शिवाय डबाबंद अन्नाचा साठा करून बसणारा ली त्यांच्या लेखी कंजूष होता! म्हणजे ली त्यांचं चित्र काढत होता तेव्हा तेही त्याचं चित्र काढत होते. फरक एवढाच, की छापलं गेलं ते एकाचंच.

१९८९ मध्ये एडविन विल्मसेन यांनी या सगळ्यालाच हात घातला. त्यांचं म्हणणं, हे लोक कधी जगापासून तुटलेले नव्हतेच. शेकडो वर्षं पशुपालकांशी देवघेव आणि हस्तिदंताचा व्यापार चालू होता. त्यांचं आजचं जगणं ही आदिम अवस्था नसून लादलेली गरिबी आहे. यातून मोठा वाद पेटला. मला वाटतं विल्मसेन यांनी डोळे उघडले, पण 'फक्त गरीब' म्हटलं की भाषा, शिकारीची समज, जमिनीशी असलेलं नातं, सगळं पुसलं जातं. तेही अर्धंच चित्र.

आणि अर्धं चित्र महाग पडतं. नामिबियात न्याय न्याय भागाचं अभयारण्य करून तिथे जुह्वान्सींनी पर्यटकांसमोर 'पारंपरिक' जगावं, असा बेत होता. त्यांना हव्या होत्या विहिरी आणि गुरं. उलट बोट्सवानात मध्य कालाहारी अभयारण्यातून लोकांना हलवताना सरकार म्हणालं, हे आता शेळ्या पाळतात, जुन्या पद्धतीने शिकार करत नाहीत, मग यांचं इथे काय काम? बदलला नाहीस तर नमुना, बदललास तर हक्क गेला. २००६ साली बोट्सवानाच्या उच्च न्यायालयाने ते हुसकावणं बेकायदा ठरवलं. पाण्यासाठी मात्र २०११ पर्यंत भांडावं लागलं.

शेवटी सान लोकांनीच नियम घालून दिले. २०१० च्या एका जनुकीय संशोधनात समाजातल्या जाणत्यांना विचारलंच नाही, याचा राग होता. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. त्यांच्या एका नेत्याने सगळं सार एका वाक्यात सांगितलं होतं: खिडकीतून नको, दारातून या.

आपल्यातले काही जण प्रोजेक्टसाठी धालोची गाणी, ओव्या गोळा करायला गावात जातात, मोबाईलवर रेकॉर्डिंग करतात. चांगलंच आहे. पण सांगणाऱ्या मावशीचं नाव तिला विचारून लिहिलं का? लिहिलेलं तिला वाचून दाखवलं का? 'असं नव्हे गे बाय' म्हणायची संधी तिला मिळाली का? नसेल, तर मार्क मिळतील, पण आपण खिडकीतूनच आत शिरलेलो असू.