वायरलेस घरात, आणि दार उघडं

मागच्या रमजानात एका संध्याकाळी दहावीतला एक विद्यार्थी त्याच्या अब्बूंना घेऊन माझ्या घरी आला. इफ्तारनंतर आम्ही गच्चीवर गेलो. तिथे एका जुन्या पाइपाच्या टोकापासून दोन्ही बाजूंना उतरत गेलेली तांब्याची तार त्यांनी पाहिली. मग खाली येऊन टेबलावरचा हाताएवढा सेट पाहिला. मुलगा पडद्यावरच्या रंगीत रेषांमध्ये हरवला होता. अब्बू मात्र गप्प होते. निघताना चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "सर, ये वायरलेस घर में रखे तो पोलीस नै आते क्या?"

मला हसू आलं नाही. सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य घालवलेला माणूस हा प्रश्न उगाच विचारत नाही. मालेगावात २००६ साली स्फोट झाले, नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं गेलं. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं ते २०१६ मध्ये. त्यांच्यातला एक तोवर हे जग सोडून गेला होता. ज्या समाजाने हे पाहिलं आहे, त्या समाजातल्या बापाला घरातल्या वायरलेस सेटची भीती वाटत असेल तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण त्या भीतीपोटी आपण मुलांना ज्या दारातून मागे ओढतो, ते दार खरं म्हणजे सगळ्यांत उघडं आहे. आज त्याबद्दलच लिहितो.

आधी कायदा. भारतात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि हे आजचं नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ही तरतूद आहे. म्हणजे त्या अब्बूंची शंका अर्धी बरोबर होती. उरलेली अर्धी गोष्ट अशी की सरकार हौशी रेडिओचा परवाना देतं. हौशी म्हणजे ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात तो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही परीक्षेला बसू शकतो. परीक्षेचे दोन भाग असतात : रेडिओचं शास्त्र आणि नियम. वरच्या श्रेणीसाठी मोर्स यावं लागतं, खालच्या 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीसाठी लागत नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या पोर्टलवर करता येतो. मी खालच्या श्रेणीचा परवाना घेतला तेव्हा वीस वर्षांची फी एक हजार रुपये होती. आमच्या शाळेतली मुलं एका मोबाइल कव्हरवर आणि दोन रिचार्जवर तेवढे खर्च करतात.

हो, पडताळणीसाठी पोलीस माझ्याही घरी आले. हे लपवणार नाही. खाकी वर्दी गल्लीत शिरली की खिडक्या कशा उघडतात हे वाचकांना सांगायला नको. बायकोने चहा ठेवला, मी कागद दाखवले, त्यांनी विचारलं, "सर, ह्याचा उपयोग काय?" मी समजावलं. दहा मिनिटांत ते गेले. पुढचा आठवडाभर मात्र मशिदीपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाला "कशाला आले होते?" याचं उत्तर देत बसलो. त्यात माझं नुकसान काहीच झालं नाही. उलट चार घरांत पहिल्यांदाच समजलं की पोलीस घरी येतात ते कधी कधी आपण बोलावल्यामुळेही येतात.

परवाना मिळाला की एक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. आपल्याकडे खालच्या श्रेणीची नावं 'व्हीयू३' ने सुरू होतात आणि पुढे तीन अक्षरं असतात. बोलताना हे नाव पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अर्थ लपवणाऱ्या सांकेतिक भाषेत बोलायला मनाई आहे. मोर्स चालतं, कारण ते कोणालाही शिकता येतं. गप्पा तांत्रिक प्रयोगांच्या आणि साध्या वैयक्तिक विषयांच्याच असाव्यात असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. धंदा चालत नाही, आणि राजकारण-धर्माचे वाद तिथे कोणी काढत नाही. तुम्ही जे बोलता ते जगात कोणीही ऐकू शकतं. आता सांगा, व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद गटापेक्षा ही गोष्ट जास्त संशयाची की कमी? ज्याला काही लपवायचं आहे त्याने हौशी रेडिओइतकी गैरसोयीची दुसरी जागा शोधूनही सापडणार नाही.

जॉर्डनचे राजे हुसेन 'जेवाय१' या नावाने हवेत येत. राजीव गांधी 'व्हीयू२आरजी' होते. त्या तरंगांवर राजा असो की पंतप्रधानांच्या घरातला माणूस, ओळख कॉलसाइनने सुरू होते आणि आडनावापर्यंत सहसा पोहोचतच नाही. भाड्याने घर शोधताना ज्यांनी आडनाव सांगितल्यावर पलीकडची शांतता ऐकली आहे, त्यांना याची किंमत कळेल.

आता सेटबद्दल. पूर्वी हा छंद पैसेवाल्यांचा होता. परदेशी सेट म्हणजे मास्तरचे कित्येक पगार. हे चित्र बदलण्यात हैदराबादच्या अशर फरहान यांचा मोठा वाटा आहे. त्यांचं कॉलसाइन व्हीयू२ईएसई. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनेल असा 'बिटएक्स' नावाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकणारा आणि बोलणारा एकच सेट, त्यांनी तयार केला. त्याची कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली होती. आराखडा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या हौशींनी तो घरी बनवला. हैदराबादचं 'लामकान' हे खुलं सांस्कृतिक केंद्र सुरू करणाऱ्यांतही ते आहेत. उर्दूत लामकान म्हणजे ज्याला ठिकाण नाही ते. रेडिओच्या तरंगालाही हे नाव शोभलं असतं. वर्गात हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलंच, "सर, आपले का?" मी म्हटलं, ज्याने आराखडा कुलपात ठेवला नाही तो सगळ्यांचाच.

माझ्या टेबलावर आहे तो त्याच घराण्यातला 'झेडबिटएक्स'. ताकद साधारण पाच वॅट, म्हणजे रात्री लावतो त्या छोट्या एलईडी दिव्याइतकी. आत रास्पबेरी पाय झिरो टू नावाचा बोटभर संगणक आहे. हा 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड' रेडिओ आहे. याचा अर्थ मी मुलांना असा सांगतो : जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा कारागीर असे. नको ते गाळायला एक सर्किट, आवाज सुटा करायला दुसरं. इथे अँटेनातून आलेल्या संदेशाची वारंवारता खाली आणतात, सेकंदाला हजारो वेळा त्याचं मोजमाप करून आकडे करतात, आणि पुढची बरीचशी गाळणी आणि निवड गणिताने होते. प्रोग्रॅम बदलला की रेडिओ बदलला. प्रोग्रॅमही खुला आहे, वाचता येतो. "त्रिकोणमिती कुठे लागते?" असं विचारणाऱ्या पोरांना मी हा सेट दाखवतो.

पाच वॅटने काय होणार, असं शेजारी विचारतात. हिशोब करा. शंभर वॅट हे पाच वॅटच्या वीसपट, म्हणजे १३ डेसिबल जास्त. ऐकणाऱ्याच्या सेटवरच्या काट्याचं एक घर सहा डेसिबलचं मानतात. म्हणजे वीसपट ताकदीने फरक पडला तो दोन घरांहून जरासा जास्त. बाकी काम अँटेना आणि आकाश करतात. म्हणून पैसे वॅटवर नको, तारेवर लक्ष द्या.

तारेचं सूत्र सोपं आहे : १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा दहा. गच्ची लहान असेल तर १४.१ मेगाहर्ट्झ घ्या, पाच पाच मीटरमध्ये काम होतं. मधला भाग उंच, टोकं खाली, उलट्या व्हीसारखं. टोकांवर माणसाचा हात पोहोचू नये आणि तार विजेच्या तारांपासून लांब असावी. सात मेगाहर्ट्झचा संदेश दिवसा वर जाऊन आयनांबरावरून परततो आणि काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरतो. सोलापूरहून हैदराबाद, पुणे, बेळगाव त्यात येतात. चौदा मेगाहर्ट्झ लांबच्या देशांसाठी.

आमच्या मोहल्ल्यातला खरा शत्रू म्हणजे गोंगाट. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, यंत्रमागांच्या मोटारी हे सगळे मिळून हवेत कचरा टाकतात. एकदा वीज गेली आणि मी बॅटरीवर सेट लावला, तर सात मेगाहर्ट्झवर इतकी शांतता की दोन माणसं एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करताना स्पष्ट ऐकू आली. त्या दिवसापासून वीज गेली की घरात एकटा मी खूश असतो.

काही गोष्टी चुकूनही करू नका. अँटेना न जोडता बोलण्याचं बटण दाबू नका, सेटमधला ट्रान्झिस्टर जळू शकतो. किती व्होल्टची बॅटरी चालते हे पुस्तिकेत वाचल्याशिवाय वायर जोडू नका, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी प्रत्येक सेटला मानवत नाही. आत संगणक आहे, म्हणून तो पडद्यावरून नीट बंद करा, मग वीज काढा. सेटमध्ये जितके बँड दिसतात तितके सगळे तुम्हाला खुले नसतात, परवान्याच्या कागदावर असतील तेच तुमचे. आणि सर्वांत महत्त्वाचं : ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून परवान्याआधी वॉकीटॉकी मागवू नका. वस्तू घरपोच आली म्हणजे ती कायदेशीर झाली असं नाही. एखाद्या मुलाची ही घाई त्याच्या एकट्याच्या घराला नाही, सगळ्या गल्लीला महागात पडू शकते. हे कटू आहे, पण खरं आहे.

मग सुरुवात कशी करायची? ऐकण्यापासून. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर खुला ठेवला आहे. मोबाइलवर तो उघडून सात आणि चौदा मेगाहर्ट्झ फिरवा. घरात यंत्र नाही, परवान्याचा प्रश्न नाही. महिनाभर ऐकलं की कोण कसं नाव सांगतं, निरोप कसा घेतं हे कानात बसतं. मग परीक्षा. मग सेट. क्रम उलटा करू नका. माझ्या घरी मुलं ऐकतात, आकडे लिहितात, तार मोजतात, पण माइकला हात लावत नाहीत. माझा नियम साधा आहे : बोलायचं असेल तर स्वतःचं नाव कमवा.

सेट आल्यावर पाच वॅटमध्ये मोर्स किंवा एफटी८ लवकर यश देतात. एफटी८ हा २०१७ साली आलेला संगणकी प्रकार. पंधरा पंधरा सेकंदांच्या खेपांत तो कानाला ऐकू न येणारा संदेशही उचलतो. त्याच्या कर्त्यांपैकी एक जोसेफ टेलर, ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यात संगणक संगणकाशी बोलतो. मी भाषेचा मास्तर आहे, मला माणसाचा आवाज हवा. म्हणून माझा आग्रह, धीर धरा, बोलायलाही शिका.

कोणी म्हणेल, मोबाइलच्या काळात हे कशाला? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेवर अंदमानातच होते. बाकी संपर्क तुटला असताना त्यांच्या सेटवरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचली. संकटात मदतीला धावणाऱ्या आपल्या तरुणांची कमी नाही. कोविडमध्ये आणि पुरात आपण ते पाहिलं. त्या तरुणांच्या हातात अन्नाच्या पिशव्यांबरोबर हे कौशल्यही असावं, आणि प्रशासनाच्या यादीत त्यांची कॉलसाइन असावीत, एवढंच मला म्हणायचं आहे.

वायरलेसला उर्दूत लासिलकी म्हणतात, मराठीत बिनतारी. अर्थ एकच, तारेविना. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवलं जात होतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. विज्ञान आपल्या भाषेला परकं नव्हतं. आपणच मधल्या काळात भीतीने आणि आळसाने हात आखडता घेतला.

त्या संध्याकाळी मी अब्बूंना माझा परवाना दाखवला. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तो वाचला. मग विचारलं, "इस पे आपका नाम लिखा है?" मी म्हटलं, हो, पूर्ण नाव. परवा मुलगा पुन्हा आला होता. परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढून आणला आहे. फोटो स्टुडिओत अब्बू स्वतः सोबत गेले होते.