हाजऱ्याच्या रानात पाहुणे होऊन

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकून दरेकसाच्या डोंगरात शिरते, तेव्हा खिडकीतून येणारा वाराच बदलतो. पावसाळ्यात इथं हाजरा धबधबा जोरात कोसळतो. शहरातल्या पोरांना साग, मोह, तेंदू पानांवरून ओळखायला इथं शिकता येतं. याच रानात कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतले गोंड बांधव पूर्वजांच्या या ठाण्यावर माथा टेकायला येतात. मोहफुलं आणि तेंदूपानांवर इथल्या कित्येक घरांची चूल पेटते. म्हणून हे रान नुसतं सहलीचं ठिकाण मानू नये. कुणाच्या देवघरात जावं तसं इथं जावं: आवाज हळू, आणलेलं प्लास्टिक परत पिशवीत आणि नजर पायाखालच्या रोपट्यावर.