केसपेपरची रांग आणि डॉक्टरांची रांग

वडील माणसांस रुग्णालयात न्यावयाचे म्हणजे आदल्या रात्री नातवाने अथवा सुनेने मोबाईलवर नंबर लावून ठेवावयाचा, अशी रीत आता पुष्कळ घरी पडली आहे. केंद्र सरकारची ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था २०१५ साली सुरू झाली. दारावरील क्यूआर कोड मोबाईलने टिपून टोकन घेण्याची सोय २०२२ च्या ऑक्टोबरात आली. तरीही, "नंबर घरूनच लावला, पण दुपार झालीच!" ही तक्रार आमच्या कानी येतेच. तिचे कारण शोधणे अगत्याचे आहे.

बाह्यरुग्ण विभागात रांग एक नसते, तीन असतात: केसपेपरची, डॉक्टरांची व औषधांची. टोकनाने पहिली रांग आखूड होते, दुसरी होत नाही. कारण टोकन क्रम सांगते, वेळ सांगत नाही. समजा, साठ रुग्ण नऊच्या ठोक्यास आले व प्रत्येकास चार मिनिटे लागली, तर शेवटच्यास जवळजवळ चार तास तिष्ठावे लागेल. मग नंबर कागदावर असो की मोबाईलवर. इंग्लंडात वेल्च व बेली यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर गणिती उपाय मांडला. आरंभी दोन रुग्ण बोलवावेत आणि पुढे एका तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो, तितक्या अंतराने एकेकास बोलवावे, असे त्याचे सार. अर्थात वेळ डॉक्टरांनीही पाळली पाहिजे आणि रुग्णानेही.

परंतु जुन्नर-आंबेगावात आणखी एक घड्याळ पाहावे लागते, ते एस.टी.चे. डिंभे धरणापलीकडून, आहुप्याच्या बाजूने घोडेगावच्या ग्रामीण किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात येणाऱ्या वृद्धाची गाडी अकरास पोहोचत असेल, तर त्यास सव्वानऊची वेळ देऊन काय उपयोग? त्यातून डोंगराआड मोबाईलला रेंज नसली, तर नंबर लावावयाचा तरी कसा? मोबाईलवाल्यांची नावे संपल्यावरच त्याची पाळी, असा प्रघात पडला तर एकाची सोय ती दुसऱ्याची शिक्षा होईल. यास्तव प्रत्येक तासातील काही जागा खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखून ठेवणे, हेच आम्हांस न्याय्य वाटते.

आमच्या वाचकांनीही आपल्याकडून थोडे करावे. जाणे रद्द झाले, तर घेतलेला नंबर त्याच रात्री सोडून द्यावा. ती जागा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. घरातील आजोबांचा नंबर लावताना शेतावरील गड्यास अथवा शेजारच्या एकट्या आजींस कधी जावयाचे आहे, हेही विचारावे, आणि त्यांच्या गाडीची वेळ पाहूनच त्यांची वेळ घ्यावी. घरात एक मोबाईल चालविणारा असला, तर चार घरांचा खोळंबा वाचू शकतो.